पाइप मोठा कराल हो, पण पाणी आत जाणार कुठून?

पावसाळा लागला की नाशिकच्या सिव्हिलवाल्यांच्या ग्रुपवर हे फिरायला लागतं: "सराफ बाजार, दहीपूल तुंबतं कारण पाइप लहान. एसडब्ल्यूएमएममध्ये (पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) व्यास वाढवा, विषय संपला. गटार-जाळ्या मॉडेलमध्ये घालायची गरज नाही, सगळं पाणी थेट चेंबरला द्या, सेफ साइड. फार तर जाळ्या वाढवा. जाळी तुंबणं हा मेंटेनन्सचा विषय."

आधी ते "सेफ साइड" घेतो, खरा घोळ तिथेच आहे. पाणी थेट चेंबरला दिलं म्हणजे रस्त्यावरचं सगळं पाणी जाळीतून आत गेलं असं तुम्ही धरूनच चाललात. पाइपच्या साइझसाठी हे सेफ, मान्य, पण रस्त्याचं काय? एक हेक्टर छपरं आणि डांबर, गुणांक ०.९ (म्हणजे पडलेल्या पावसातलं ९० टक्के वाहून येतं), तासाला ६० मिमी पाऊस, रॅशनल फॉर्म्युल्याने (गुणांक, पाऊस आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार) सेकंदाला १५० लिटर येतात. आता कर्बची, म्हणजे फुटपाथच्या उभ्या दगडाची, कड बघा, आडवा उतार २ टक्के, लांबीचा १ टक्का, मॅनिंगचा एन (रस्त्याच्या खडबडीतपणाचा आकडा) ०.०१६, पाणी अडीच मीटर पसरलं तरी एका कडेने वाहतं जेमतेम ४० लिटर, दोन्ही कडा मिळून ८०. मधे जाळ्यांनी ओढून घेतलं नाही तर उरलेलं दुकानाच्या पायरीवर चढतं आणि खाली पाइप अर्धा रिकामा असू शकतो. तो अजून मोठा करून काय मिळणार?

त्यात या अडीच मीटरला कर्बपाशी खोली ५० मिमी होते. कर्ब मुळात १५० मिमीचा, पण त्यावर ५० मिमीचे दोन थर डांबर चढले की उरतो ५०च, म्हणजे ४० लिटरच्या पुढे पाणी सरळ फुटपाथवर. मॉडेलमध्ये मात्र जुन्या ड्रॉइंगवरचे १५० तसेच पडून असतात!

बरं, एसडब्ल्यूएमएमच्या २०२२ मधल्या ५.२ व्हर्जनपासून हे सगळं फुकटात आहे. स्ट्रीटचा सेक्शन (रस्त्याचा आडवा छेद) टाका, जाळी, कर्ब ओपनिंग (कर्बमधली फट) किंवा दोन्ही एकत्र निवडा, अमेरिकन हायवेवाल्यांच्या एचईसी-२२ पद्धतीने किती आत गेलं आणि किती पुढे निसटलं ते निघतं.

"जाळ्या वाढवा" अर्धंच बरोबर. रविवार कारंजावरून नदीकडे उतरताना पाणी जोरात असतं, जाळी समोरून येणारं घेते, बाजूचं थोडंच, वेग फार झाला तर पाणी गजांवरून उडी मारून पुढच्या चौकाच्या गळ्यात. इंदिरानगर अंडरपाससारख्या खोलगट जागी निसटायला वाटच नाही, तिथे पाणी साचतं, आधी जाळीच्या कडेवरून पडतं, खोली वाढली की ऑरिफिससारखं, म्हणजे बुडालेल्या भोकातून जातं तसं, आत ओढलं जातं. म्हणून ऑन-ग्रेड (उतारावरची जाळी) आणि ऑन-सॅग (खोलगट जागेतली) वेगळे, सगळीकडे एकच आकडा चिकटवून चालत नाही.

मेंटेनन्सचं म्हणाल तर जाळी किती टक्के तुंबलेली धरायची याचा रकानाच आहे. पंचवटीत निर्माल्य, बाजारात पिशव्या, तिथे शून्य कोण ठेवतं?

आणि गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या (पुराची पातळी ज्याच्यावरून सांगतात ती मूर्ती) छातीला पाणी लागतं तेव्हा तर पाइपचं तोंडच गोदावरीत बुडालेलं असतं. चेंबर ओसंडतं आणि पाणी त्याच जाळीतून उलटं रस्त्यावर येतं, रिझल्टमध्ये बॅकफ्लो म्हणून दिसतंसुद्धा, फक्त मॉडेलमध्ये आउटफॉल (पाइपचं नदीतलं तोंड) "फ्री", म्हणजे मोकळं, न ठेवता नदीची लेव्हल भरायला हवी.