‘सही केलीत ना, मग विसरा’ म्हणणाऱ्यांना

सुट्ट्या लागल्या की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो: ‘सहलीत अपघात झाला तर टूर कंपनीकडून दमडी मिळत नाही. फॉर्मवर आपली सही असते, बस दुसऱ्याची असते, केस तिकडे जाऊन लढावी लागते आणि मिळेल ते वकिलाच्या घशात जातं.’ असलं वाचून हातपाय मोडलेली माणसं हक्काचे पैसे सोडून देतात. मला याची चीड येते.

आधी सहीचं बघू. ‘अपघातास कंपनी जबाबदार नाही’ असं फॉर्मच्या मागे बारीक अक्षरांत छापलं म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित, म्हणजे ग्राहकावर अन्याय करणाऱ्या करारांविरुद्ध तरतूद आहे आणि तशी अट राज्य ग्राहक आयोग रद्द ठरवू शकतो. निष्काळजीपणा मात्र दाखवून द्यावा लागतो, नुसता अपघात पुरत नाही. कोवळमचंच प्रकरण घ्या. केरळ पर्यटन महामंडळाच्या हॉटेलात 2006 साली एक पाहुणा पोहण्याच्या तलावात बुडून गेला. तिथल्या लाइफगार्डला बारटेंडरचंही काम लावलेलं होतं! सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये 62.50 लाखांची भरपाई कायम केली. त्या वेळी कोणाच्या गळ्यात कुठलं काम होतं, असल्या तपशिलांवरच केस उभी राहते.

बस दुसऱ्याची असेना का, पैसे तुम्ही टूर कंपनीला दिलेत आणि बस तिने ठरवली. सेवेतल्या त्रुटीची तक्रार तिच्यावरच होते. शिवाय रस्त्यावरच्या अपघातात बसमालक आणि विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. त्याला कायद्याने 6 महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा रेंगाळू नका.

‘तिकडे जाऊन’ हे तर साफ खोटं. अपघात मनालीत झाला तरी मुलुंडचा माणूस आपल्या उपनगर जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो. राहत्या जागी दाद मागायची सोय कायद्यातच आहे, न्यायाधिकरणासाठीसुद्धा.

ग्राहक आयोगात वकिलाची सक्ती नाही. पॅकेजसाठी 5 लाखांपर्यंत पैसे भरले असतील तर फीही शून्य, भरपाई कितीही मागा.

खरा घात होतो तो इस्पितळात. खाटेशी टूर मॅनेजर येतो, ‘बिल आम्ही भरतो, इथे फक्त सही करा’ म्हणतो, आणि कागदावर लिहिलेलं असतं की आता कसलीही मागणी उरली नाही. ती सही करू नका. एफआयआरची प्रत, डिस्चार्ज कार्ड, टूरच्या ग्रुपवरचे मेसेज सगळं जपून ठेवा. आयोगाकडे जायला 2 वर्षं असतात.