टेक्सासला गेलात, पण कॅलिफोर्नियाचा टॅक्स अजून बाकी आहे

टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, म्हणजे बे एरिया सोडून डॅलसला आलो की सुटलो, असं आपल्या मंडळींत अगदी ठामपणे सांगितलं जातं. पण तसं नाही. वर्षाच्या मध्यात मूव्ह झालात तर त्या वर्षासाठी कॅलिफोर्नियाचा ५४०एनआर हा रिटर्न फॉर्म भरायचाच, पार्ट-इयर रेसिडेंट (वर्षाचा काही भाग तिथे राहिलेले) म्हणून. त्यात टेक्सासमधला पगारही दाखवायचा. त्यावर कॅलिफोर्निया टॅक्स घेत नाही, पण दर मात्र वर्षभराच्या एकूण उत्पन्नावरून काढते आणि कॅलिफोर्नियाच्या वाट्याच्या उत्पन्नाला लावते. तेव्हा 'अर्धंच वर्ष होतो, खालचा स्लॅब लागेल' हा हिशेब सोडून द्या.

टॅक्स सॉफ्टवेअरने दोन राज्यांत दिवसांच्या प्रमाणात उत्पन्नाची वाटणी सुचवली तर ती डोळे मिटून स्वीकारू नका. पगार पे-स्लिपवरून तोडा. व्याज, डिव्हिडंड, शेअरविक्रीचा नफा ज्या तारखेला झाला, त्या दिवशी कुठे राहत होतात ते पाहा. एनआरई एफडीचं (परदेशातल्या कमाईतून भारतात ठेवलेल्या ठेवीचं) व्याज भारतात करमुक्त असलं, तरी मूव्हआधी जमा झालेलं कॅलिफोर्नियाच्या उत्पन्नात धरावं लागतं. आणि एनआरओ खात्यावर (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नाचं खातं) भारतात कापलेला टीडीएस? फेडरल रिटर्नमध्ये त्याचं क्रेडिट मागता येतं. कॅलिफोर्निया परदेशी कराचं क्रेडिट देतच नाही.

खरा घोळ आरएसयूचा, म्हणजे कंपनी पगाराचा भाग म्हणून देते त्या शेअर्सचा. ते आधी जाहीर होतात (ग्रँट) आणि ठरलेल्या काळानंतर आपल्या नावावर होतात (व्हेस्ट). डॅलसला बसून शेअर व्हेस्ट झाले, तरी ग्रँटपासून व्हेस्टपर्यंतच्या कामाच्या दिवसांपैकी जितके कॅलिफोर्नियात गेले, तितका हिस्सा कॅलिफोर्नियाचा. ५०० पैकी ४०० दिवस तिथे असाल, तर ८० टक्के. तिथे केलेल्या कामाचा बोनस नंतर हातात आला, तरी तो कॅलिफोर्नियाचाच. उलट, मूव्हनंतर ते शेअर विकून झालेला पुढचा नफा तिच्या हिशेबात येत नाही.

कंपनीच्या पेरोलला (पगार विभागाला) नवा पत्ता मूव्हच्या आठवड्यातच कळवा. नाहीतर जुन्या राज्याची कपात चालूच राहते आणि डब्ल्यू-२च्या (कंपनी देते त्या वार्षिक पगार-कपातीच्या फॉर्मच्या) बॉक्स १६ मध्ये, म्हणजे राज्याच्या पगाराच्या आकड्यात, टेक्सासचे महिनेही घुसतात. मग कंपनीकडून दुरुस्त डब्ल्यू-२सी मागवा. ती न मिळाल्यास कुठल्या तारखेपासून टेक्सासमध्ये काम केलं याचं कंपनीचं पत्र तरी घ्या. जादा कापलेले पैसे रिटर्न भरूनच परत मिळतात, आणि आकडे जुळले नाहीत तर रिफंड रखडतो.

मूव्ह कधी झालात ते दाखवता यावं म्हणून लीज, मूव्हर्सचं बिल, टेक्सासचं लायसन्स (९० दिवसांत काढायचंच असतं) एका फोल्डरमध्ये ठेवा. मीटिंगसाठी सॅन होजेच्या ऑफिसात जात असाल तर त्या तारखाही लिहून ठेवा, कारण त्या दिवसांचा पगार पुन्हा कॅलिफोर्नियात मोजला जातो.