सात हात वॉर्निश

कर्ली खाडीत आमच्या वाट्याची एक जुनी होडी आहे. वाट्याची म्हणजे अर्धी माझी, अर्धी काकांची. होडीचा काठ, दोन बाकं आणि सुकाणूचा दांडा सागवानी आहे; घराण्यात कधीतरी कुणाला तरी पैसा जास्त झाला होता, त्याची एवढीच खूण उरलीय. ऊन आणि खारं पाणी खाऊन ते सागवान करडं पडलं होतं. ते पुन्हा मधाच्या रंगाचं व्हावं, ही माझी हौस. रंग मारला की लाकूड झाकलं जातं, वॉर्निश मारलं की दिसतं. या एका ‘दिसतं’पायी मी सुट्ट्या घालवल्या.

काकांचा पक्ष साधा. होडीला बाहेरून माशाचं तेल, खालून काजूच्या टरफलांचं तेल, संपला विषय. टरफलांचं तेल अंगाला लागलं तर कातडी भाजून फोड येतात, तिथे लाकूड पोखरणाऱ्या किड्याची काय कथा! मी वॉर्निशचं बोललो तेव्हा काकांनी विडी विझवली आणि विचारलं, “होडी पाण्यात घालूची आसा की लग्नाक नेऊची आसा?”

मी कुडाळला गेलो. दुकानदाराने “दरवाजा ना?” असं गृहीत धरून फर्निचरचं मेलामाइन पॉलिश पुढे केलं. होडी म्हटल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं वॉर्निश, काढलं. किंमत त्याच नजरेनं ठरवली असावी. आता मेलामाइन हे घरातल्या कपाटाला. उन्हात ते टिकत नाही. पीयू टणक, पण नेमकी हीच अडचण: लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं आणि वरचा टणक थर जागचा हलत नाही. मग त्याला तडा जातो, तड्यातून पाणी आत शिरतं आणि थराखाली काळे डाग पसरतात. होडीला लागतं ते स्पार वॉर्निश, डोलकाठीसाठी घडवलेलं. काठी वाऱ्यात वाकते, तर वरचा थरही तिच्याबरोबर वाकला पाहिजे, म्हणून त्यात तेलाचं प्रमाण जास्त आणि ऊन अडवणारी द्रव्यंही. हे सगळं मी दुकानदाराला समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “मुंबईहून मागवावं लागेल.”

डबा आला. त्यावर सूचना होती: किमान सात हात. काकांनी मला ती मोठ्याने वाचायला लावली, आणखी एकदा वाचायला लावली आणि म्हणाले, “माझ्या घराक मी दोनच हात मारलंय.”

वॉर्निश मारणं हे काम फार थोडं असतं. उरलेलं सगळं घासणं. आधी पॉलिश पेपरने करडा थर उतरवायचा, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवा हात फिरला की ओरखडा उठतो, आणि वॉर्निशखाली तो भिंगातून पाहिल्यासारखा दिसतो. मग साग अंगचा तेलकट, म्हणून थिनरच्या फडक्याने पुसायचं. पहिला हात अर्धं टर्पेंटाइन घालून पातळ, म्हणजे लाकूड पितं. त्याच्यावर चढत्या दाटीचे हात, आणि प्रत्येक दोन हातांच्या मध्ये वाळवणं, पुन्हा घासणं, पुन्हा पुसणं. डबा हलवायचा नाही, बुडबुडे होतात. काठीने सावकाश ढवळायचा. वॉर्निश गाळून घ्यायचं. मी चहाची गाळणी वापरली. काकू त्या दिवसापासून मला बिनसाखरेचा चहा देते. का ते विचारण्याची सोय नाही.

खरी पंचाईत हवामानाची. पावसाळ्यात प्रश्नच नाही. ऑक्टोबरच्या उन्हात थराचा वरचा पापुद्रा लगेच धरतो आणि खालची वाफ त्याला फोडून बाहेर येते. थंडीत रात्री दहिवर पडतं. संध्याकाळी आरशासारखं चकाकणारं बाक सकाळी ताक सांडल्यासारखं मळभट होतं. उरली सकाळ. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्रावर जातो, दुपारी खारा वारा वाळू घेऊन परत येतो, आणि मध्ये थोडा वेळ दोघंही थांबतात. पान हलत नाही. त्या फटीत ब्रश चालवायचा.

आणि त्याच फटीत गावातला प्रत्येक माणूस खाडीवर येतो. कुणी “काय करतंस?” विचारतो. ब्रश माझ्या हातात, डबा पायाशी, तरीही विचारतो. कुणी “सुकला काय?” म्हणत अंगठा लावून पाहतो. तो अंगठा रेषांसकट अजून डाव्या बाकावर आहे. माणूस ओळखायला पोलिसांना पुरेसा. चिलटांना मात्र काही विचारायचं नसतं, ती थेट येऊन बसतात. ओल्या थरातलं चिलट काढू नये, हा नियम आहे. वाळल्यावर घासलं की निघून जातं, फक्त पाय तेवढे राहतात.

पण मधाचा रंग आला, हे खरं. चौथ्या हातानंतर सागाच्या रेषा अशा काही उठून आल्या की काकासुद्धा आपण होडीतली दोरी बघायला आलोय असं दाखवत येऊन गेले.

मग मे महिना आला. पारदर्शक वॉर्निशची मेख अशी की ते आपल्याला लाकूड दाखवतं तसंच उन्हालाही दाखवतं. ऊन थरातून आत जाऊन लाकडाचा वरचा पृष्ठभागच कमकुवत करतं आणि थराची पकड खालून सुटते. रंगातलं रंगद्रव्य तिथेच ऊन अडवतं, म्हणून साधा ऑइलपेंट जास्त टिकतो. आमच्याकडच्या उन्हात वॉर्निशला वर्षातून दोनदा नवा हात हवा. मी हिशेब केला. काठ रंगाला दिला. नंतर बाकं दिली, अंगठ्यासकट. आता वॉर्निश फक्त सुकाणूच्या दांड्यावर आहे, आणि दांडा काढून पडवीत ठेवता येतो.

वाचता वाचता एक गोष्ट सापडली आणि मी ती काकांना सांगितली: काजूच्या टरफलांच्या तेलापासूनही रंग-वॉर्निशसाठी रेझिन, म्हणजे थर धरणारी राळ, बनवतात.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हणजे काजू आमचे आणि पैसे दुकानदाराक?”

संध्याकाळपर्यंत ही बातमी जेटीवर पोचली. परवा एकजण अर्धं पोतं टरफलं अंगणात ओतून गेला. यातून डबे किती निघतील ते भाच्याक विचारून ठेवा, असं काकूला सांगून गेलाय. मी पुतण्या आहे, भाचा नव्हे, एवढंच काकूने त्याला सांगितलं. डब्यांचं उत्तर तिने माझ्यावर ठेवलंय.