दोन शब्द सांगणार आहे, ते शांतचित्ताने ऐकून घ्यावेत

तुमच्या लेकराला वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर हवाय ना? मग इकडे या. गेल्या शनिवारी एका शाळेत परीक्षक म्हणून सकाळी नऊ ते दुपारी तीन बसून आलोय. ज्ञान अगदी ताजं आहे.

सगळ्यात आधी, भाषण मुलाला लिहू देऊ नका. आई लिहील, सर लिहितील, नाहीतर मोबाईल लिहून देईल. शनिवारी ३२ पैकी ११ मुलांनी 'मोबाईल : शाप की वरदान' यावर एकच भाषण केलं. सातव्यांदा 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात' आलं, तेव्हा शेजारच्या परीक्षकबाई ओठ हलवून साथ देत होत्या.

सुरुवात 'सन्माननीय व्यासपीठ' अशीच करा. व्यासपीठ म्हणजे चार बाकं आणि वर सतरंजी, पण मान द्यायला काय जातं?

टिळकांचा जन्मसिद्ध हक्क कुठल्याही विषयात बसतो. प्लास्टिकबंदीतही बसला.

शब्दाच्या अर्थाच्या नादी लागू नका. वच् म्हणजे बोलणं, त्यावरून वक्तृ, म्हणजे बोलणारा, आणि त्याला त्व लागून वक्तृत्व. त्याच घरातला दुसरा पोरगा वाचाळ. सध्या बक्षिसं तोच नेतो. 'शतेषु जायते शूरः' हे सुभाषित वक्ता दहा हजारांत एक असतो म्हणतं, आमच्याकडे एका शनिवारी ३२ निघाले. प्रमाणपत्रावर 'वक्तृत्त्व' असं छापलं होतं. महत्त्वात दोन त येतात कारण महत् मध्ये एक आधीच आहे, वक्तृ मध्ये तो नाही, एवढंच मी म्हणालो. "सर, आता छापून आलंय," असं उत्तर मिळालं.

पाहुणे उशिरा येणारेच बोलवा. आमचे सव्वा तास उशिरा आले. तोवर मुलं पत्र्याच्या शेडमध्ये उकडत होती. मग हार, शाल, श्रीफळ, परिचय. 'वेळेअभावी मी थोडक्यात बोलतो' म्हणाले आणि पन्नास मिनिटं बोलले. विषय : शब्दांचं सामर्थ्य! पुढच्या रांगेतलं एक पोर झोपेत शेजाऱ्याच्या मांडीवर कलंडलं, ते पाहुण्यांना दिसत नव्हतं. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती चालवणाऱ्या सभेचं नावच वक्तृत्वोत्तेजक. तिथे कंटाळा आला तर श्रोता उठून जाऊ शकतो. इथे दाराशी पीटीचे सर उभे! जाता न येणाऱ्या माणसांसमोर बोलायला कसलं आलंय वक्तृत्व? टाळ्यासुद्धा सरांनी खूण केली म्हणून पडल्या.

असो. टिपा चालल्या होत्या.

हात हलवा. 'आकाश' म्हटलं की वर, 'काळीज' म्हटलं की छातीवर. 'आई' म्हणताना गळा दाटलाच पाहिजे. हावभावाला २० गुण असतात, विचारांना १०.

आणि काही झालं तरी त्या सातवीतल्या मुलीसारखं बोलू नका. हात बाजूला सरळ ठेवून ती म्हणाली, "आमच्या घरात एकच मोबाईल आहे. रात्री लाइट आली की बाबा त्याच्यावरनं मळ्यातली मोटर चालू करतात. चार्जिंग संपलेलं असलं की त्यांना रात्री दोनला मळ्यात जावं लागतं. मागच्या महिन्यात तिथं बिबट्या दिसला. म्हणून मी मोबाईलवर खेळत नाही." एवढंच. जय हिंद, जय महाराष्ट्र म्हणायची राहिली आणि खाली बसली. पीटीच्या सरांचीसुद्धा मान वळली होती तिच्याकडे.

हावभाव : २० पैकी ४. नंबर सातवा.

अहो, समोरच्याला पटतं, आत जाऊन बसतं, त्यालाच वक्तृत्व म्हणतात ना? तुम्हाला पाठांतर हवंय तर पाठांतर स्पर्धा भरवा, नाव तरी खरं ठेवा. मास्तर, तुम्ही बारा वर्षांच्या पोरांच्या तोंडात स्वतःची वाक्यं कोंबता. पालकहो, व्हिडिओ काढताना लेकरू काय बोलतंय ते ऐकता तरी का? आणि आम्ही परीक्षक! मी तिला माझ्याकडून पूर्ण गुण दिले, बेरजेत ती मागे पडली, तेव्हा मीही चहा पिऊन सही केली.

निघताना ती गेटपाशी होती. "सर, हात नेमके कुठं हलवायचे होते?" तिनं विचारलं. गुणांचा तक्ता ज्यांनी छापला त्यांनी जाऊन सांगा तिला. मला जमलं नाही.