डोळा भरणाऱ्याचा चाकू आणि नऊ इंचांचा आकडा : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी,
सप्रेम नमस्कार.

संत्र्याच्या रोपवाटिकेत डोळा भरणाऱ्या, म्हणजे चांगल्या झाडाचा कोंब दुसऱ्या रोपावर बसवून कलम करणाऱ्या, कारागिरांच्या चाकूवर मी लिहिलेला लेख आपण काळजीपूर्वक वाचलात आणि तितक्याच कठोरपणे त्यावर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, ‘नऊ इंचांपेक्षा आखूड पात्याला कायद्याची बाधा नाही’ असे छापून मी गावातल्या पोरांच्या हाती सुरा दिला; शेतकऱ्याला चाकू लागतो तो शेतात, एस.टी.त आणि बाजारात नव्हे. म्हणून रस्त्यावर ज्याच्या खिशात चाकू सापडेल त्याला पोलिसांनी सरसकट धरावे, इंग्लंडसारख्या देशात तेच करतात. यातील नऊ इंचांच्या वाक्याबद्दलचा आक्षेप खरा आहे. ती चूक माझी आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

नऊ इंचांचा आकडा मी मनाने काढलेला नव्हता. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली जे नियम झाले, आधी १९६२ चे आणि आता २०१६ चे, त्यांच्या अनुसूचीत पाचव्या वर्गात बंदुकीखेरीज इतर शस्त्रे येतात. तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला यांच्यासोबत तिथे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे नोंदलेले आहेत, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून स्पष्ट शब्दांत वगळली आहेत. हे सारे खरे असले तरी त्यावरून ‘आखूड पात्याला बाधा नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होते. महाराष्ट्रात हा एकच कायदा चालत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी सार्वजनिक शांततेसाठी ठरावीक काळापुरता मनाई आदेश काढू शकतात. त्या कलमातील यादीत बंदूक आहे, तलवार आहे, भाला आहे, सुरा आहे, इतकेच नव्हे तर साधी काठी आहे, आणि शेवटी शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू आहे. तिथे इंच नाहीत आणि सेंटिमीटरही नाहीत. असा आदेश लागू असताना तीन इंचांचे पातेही त्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि आदेश मोडल्यास कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. न्यायालयाने कारणे लेखी नोंदवली नाहीत तर ती चार महिन्यांपेक्षा कमी नसते. हे मी लेखात लिहायला हवे होते. एखाद्या वाचकाने माझ्या वाक्यावर विसंबून सणासुदीच्या दिवसांत खिशात चाकू ठेवला असता, तर त्याची जबाबदारी माझ्यावरही आली असती.

मात्र चाकू शेतातच राहावा, बाजारात दिसला की धरावा, हे मला मान्य करता येत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच भागातील शेतीच्या रीतीत आहे.

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात संत्र्याची रोपे जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या खालच्या रोपावर, तयार होतात, हे आपणास मी सांगायला नको. हिवाळ्यात खुंटाची साल इंग्रजी टी अक्षरासारखी चिरून त्यात निवडक झाडाचा डोळा सरकवायचा आणि वरून प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधायचे, हे काम सगळ्यांना जमत नाही. ज्यांना जमते ते कारागीर गावोगाव फिरतात आणि भरलेल्या डोळ्यांच्या हिशेबाने मजुरी घेतात. त्यांचा चाकू तीन इंचांच्या आसपासच्या पात्याचा असतो, पण धार अशी लागते की साल चिरावी आणि आतला भाग चेचला जाऊ नये. धार बोथट असेल तर डोळा बसत नाही, वाळून जातो. म्हणून कुशल कारागीर दुसऱ्याच्या चाकूने काम करत नाही. स्वतःचा चाकू, स्वतःचा धार लावायचा दगड आणि पट्ट्यांचे बंडल घेऊनच तो घराबाहेर पडतो. त्याचे शेत एका ठिकाणी नसते. आज शेंदूरजना घाट, परवा मोर्शी, त्यानंतर आणखी कुठे, आणि या दोन गावांच्या मधे एस.टी. आणि बसस्थानक येतेच. चाकू शेतातच ठेवावा हा नियम त्याला लावायचा तर त्याने तो ठेवायचा कोणाच्या शेतात?

मूळ लेख मी ज्या प्रसंगामुळे लिहिला तो तेव्हा सविस्तर सांगितला नव्हता. आमच्या रोपवाटिकेत दरवर्षी मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडून, पांढुर्ण्याच्या बाजूने, एक वयस्क कारागीर येतात. वडिलांच्या काळापासूनचे, घरात सगळे त्यांना काकाजी म्हणतात. दोन वर्षांपूर्वी निवडणुकीच्या दिवसांत एका बसस्थानकावर त्यांची पिशवी तपासली गेली. दोन चाकू निघाले. त्या वेळी जिल्ह्यात मनाई आदेश होता, पण तो काढणारा जिल्हा त्यांचा नव्हता, कायदा त्यांच्या राज्याचा नव्हता, आणि आदेशाचा कागद त्यांच्या नजरेस पडेल अशी कोणतीही वाट नव्हती. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ते ठाण्यात बसून होते. मी गेलो ते ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या डोळकाड्या, म्हणजे डोळे काढायच्या फांद्या, घेऊन. तेथील अधिकाऱ्यांनी खुंट, डोळा, पट्टी हे सारे शांतपणे समजून घेतले आणि गुन्हा न नोंदवता त्यांना सोडले, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. परंतु त्या संध्याकाळी काकाजींनी आमच्या ओट्यावर बसून, हात जोडून, ‘मी चोर नाही’ असे पुन्हा पुन्हा सांगितले. चाळीस वर्षे या भागातील बागा ज्यांच्या हातून उभ्या राहिल्या त्या माणसाला असे सांगावे लागले, ते मी विसरू शकलेलो नाही. आपण सरसकट धरा म्हणता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते येतात.

आणि कायदासुद्धा सरसकट म्हणत नाही. शस्त्र अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येचे दोन भाग आहेत. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी म्हणून घडवलेली, अथवा मुद्दाम तशी करून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र. आणि केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू, लाठी व चालताना धरायची साधी काठी यांसह, त्या व्याख्येच्या बाहेर. केवळ मोजपट्टी लावली तर आपल्या गावातील जवळपास प्रत्येक कुऱ्हाड दोन इंचांहून रुंद भरेल आणि पुष्कळसे विळे सरळ केले तर नऊ इंचांच्या पुढे जातील. तरीही ती शस्त्रे ठरत नाहीत, कारण कायदा आधी ती कशासाठी घडवली आहे हे विचारतो आणि मोजमापाकडे त्यानंतर वळतो. उलट, एखाद्याने कानस घासून तिचा खंजीर केला तर ती ‘तशी करून घेतलेली’ वस्तू झाली. मग ती मुळात लोहाराच्या दुकानातून आली होती हे सांगून उपयोग नाही.

याच व्याख्येतील ‘बचावासाठी’ या शब्दाकडे आपल्या शाळेतील मुलांचे लक्ष वेधावे, अशी माझी विनंती आहे. पकडला गेलेला पोरगा बहुतेकदा ‘साहेब, फक्त बचावासाठी ठेवला होता’ असे म्हणतो आणि आपण सुटलो असे समजतो. प्रत्यक्षात कायद्याने हल्ला आणि बचाव हे दोन्ही हेतू एकाच वाक्यात, एकाच पातळीवर ठेवले आहेत. खटक्याने उघडणारा चाकू ज्याने बचावासाठी म्हणून विकत घेतला, त्याने ती वस्तू शेतीची नव्हती हे आपल्याच तोंडाने सांगितले. वाढदिवसाला तलवारीने केक कापून त्याची चित्रफीत पसरवणाऱ्यांबद्दल आपला जो संताप आहे तो माझाही आहे, आणि त्यांच्यावर गुन्हे नोंदले जातात ते योग्यच आहे. तलवारीला शेतीचे कोणतेही काम नाही. या मुलांची बाजू मी मूळ लेखात घेतली नव्हती आणि आजही घेत नाही.

तरीसुद्धा अशा प्रकरणांतही अधिसूचनेचा मजकूर पूर्ण वाचावा लागतो. बंदुकीला सर्वत्र परवाना लागतो, पण तलवार-सुऱ्यांसाठी परवान्याची अट, शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ नुसार, केंद्र सरकारने त्या भागापुरती अधिसूचना काढली असेल तेव्हाच लागते. वर्तमानपत्रांत आपण ‘कलम ४ सह २५’ असे वाचतो त्यातला ४ हा हाच, आणि २५ हे शिक्षेचे कलम. ही तरतूद मुद्दाम अशी ठेवली गेली, कारण तिच्या आधीचा १८७८ चा ब्रिटिशांचा कायदा साऱ्या देशालाच निःशस्त्र करण्यासाठी केलेला होता आणि स्वतंत्र भारताला तो वारसा नको होता. दिल्लीचे उदाहरण यासाठी बोलके आहे. तिथे २९ ऑक्टोबर १९८० च्या अधिसूचनेत खटक्याने किंवा अन्य यांत्रिक युक्तीने उघडणाऱ्या, ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे. त्यावरून असा चाकू खिशात सापडला की गुन्हा, असा समज रूढ झाला होता. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणात पात्याची लांबी १४.५ सेंटिमीटर होती, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. तरीही न्यायालयाने ते प्रकरण रद्द केले, कारण अधिसूचनेचा मजकूर असे चाकू तयार करणे, विकणे आणि विक्रीसाठी जवळ बाळगणे यांविषयी होता, आणि आरोपपत्रात विक्रीचा एक शब्दही नव्हता. निव्वळ मापावरून माणूस दोषी ठरत नाही, हे यातून दिसते.

इंग्लंडच्या कायद्याचा आपण दाखला दिलात. तिथला १९८८ चा कायदा खरोखरच आपल्याहून कडक आहे, परंतु तोही सरसकट नाही. तीन इंचांपर्यंत धार असलेला, पाते जागेवर अडकून न बसणारा घडीचा चाकू तिथे सार्वजनिक जागी बाळगता येतो. बाकी कोणत्याही चाकूसाठी सबळ कारण दाखवावे लागते, आणि कामासाठी, धर्माचरणासाठी किंवा राष्ट्रीय वेशाचा भाग म्हणून जवळ असणे ही कारणे कायद्यातच लिहिलेली आहेत. काकाजी तिथे असते, तर कामासाठीचा चाकू हे त्यांचे उत्तर कायद्याच्या पुस्तकातच सापडले असते. आपल्याकडेही संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात शिखांचे कृपाण धर्माचरणाचा भाग मानले आहे. म्हणजे ‘कशासाठी?’ हा प्रश्न दोन्ही देशांचे कायदे विचारतात. मी पोलिसांकडून तेवढीच अपेक्षा करतो.

कलम ३७ च्या आदेशांबाबत माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती मूळ लेखात मांडायची राहून गेली. त्या कलमात आदेश जाहीररीत्या प्रसिद्ध करावा किंवा संबंधित व्यक्तींना उद्देशून काढावा असे म्हटले आहे. जाहीर याचा अर्थ ज्याच्यावर तो लागू होतो त्याला कळेल असा. प्रत्यक्षात जिल्ह्याच्या ठिकाणी फलकावर कागद लागतो, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात, आणि पोळा, गणेशोत्सव, दुर्गोत्सव, निवडणुका अशा काळात एकामागून एक आदेश निघत राहतात. गावात कोतवाल दवंडी देत असे तेव्हा अशी बातमी निदान चावडीपर्यंत पोहोचत होती. आज गावागावांत पोलीस पाटील आहेत, ग्रामपंचायतीचे ध्वनिक्षेपक आहेत, बसस्थानकावर उद्घोषणा होतात. पण ‘अमुक तारखेपर्यंत धारदार वस्तू जवळ बाळगण्यास मनाई आहे, कामाची हत्यारे अशी न्यावीत’ एवढे दोन ओळींचे मराठी त्यातून कधी ऐकू येत नाही. बुरूड, चांभार, न्हावी, खाटीक, नारळ विकणारा, डोळा भरणारा, या सर्वांची पोटे पात्यावर आहेत, आणि नेमके यांनाच आदेशाची बातमी सर्वांत शेवटी, म्हणजे पिशवी तपासली जाते तेव्हा कळते.

मूळ लेखातील ते वाक्य आज मी बदलले आहे. आता ते असे आहे : ‘शेतीच्या कामासाठी बनवलेला चाकू शस्त्र अधिनियमानुसार शस्त्र नाही, मात्र जिल्ह्यात कलम ३७ चा मनाई आदेश लागू असेल, तर पात्याची लांबी कितीही कमी असली तरी तो रस्त्यावर जवळ बाळगण्यापूर्वी आदेशातील मजकूर आणि सवलती पोलीस ठाण्यात विचारून घ्याव्यात.’ त्याखाली दुरुस्तीची तारीख टाकली आहे आणि चूक आपण दाखवलीत हेही, आपले नाव न देता, लिहिले आहे.

काकाजी यंदाही येतील. प्रवासात चाकू खिशात किंवा कमरेला न ठेवता दगड-पट्ट्यांसह डब्यात घालून, दोरीने बांधून पिशवीच्या तळाशी ठेवावेत, असे मी त्यांना कळवले आहे, आणि ते आमच्याकडे कामाला येत असल्याची चिठ्ठी ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी पाठवणार आहे. आमच्या पोलीस पाटलांनी पुढचा आदेश आला की तो ग्रामपंचायतीसमोर मराठीत वाचून दाखवण्याचे कबूल केले आहे. आपल्या गावातही आपल्या शब्दाला मान आहे. तिथल्या पाटलांशी आपण बोलून पाहाल का, आणि काय उत्तर मिळते ते इथेच खाली लिहाल का?