फ्री डिश हा पुरता पर्याय नाही

घरच्या अँटेनावर चित्र पोचवणारे दूरदर्शनचे जुने अॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले, पण फ्री डिश, म्हणजे उपग्रहावरून वाहिन्या दाखवणारी दूरदर्शनची मोफत सेवा, असल्याने कोणाचं काही अडलं नाही, असं एका लेखात म्हटलंय. आमच्या दापोलीकडच्या खेड्यांत हे पटत नाही.

फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, हे खरं. पण डिश, सेट-टॉप बॉक्स, वायर आणि बसवणाऱ्याची मजुरी एकदा तरी द्यावीच लागते. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला तो खर्चही जड, आणि मुलगा मुंबईत.

त्यात आपला पाऊस! उपग्रहावरून येणारा केयू बँडचा (उच्च वारंवारतेच्या लहरींचा) सिग्नल जोरदार सरीत क्षीण होतो, चित्र अडकतं, मग जातंच. म्हणजे वादळाची बातमी नेमकी हवी असते तेव्हाच पडदा काळा. जुन्या अँटेनावर मुंग्या यायच्या, पण आवाज तरी कळायचा. डिशचं तोंड आग्नेयेला, ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे नेमकं हवं. नारळीच्या वाडीत मोकळं आकाश शोधतानाच दमछाक होते, आणि वाऱ्याने डिश जराशी हलली की सगळंच गेलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथली छपरं उडाली, तिथे डिशची काय कथा?

नवी वाहिनी नको, निदान दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीच्या बातम्या तरी घरोघर पोचाव्यात. ग्रामपंचायतीने मिरगाआधी गावातल्या दोन-चार पोरांना डिश जुळवायला शिकवून ठेवावं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना तालुक्याच्या मेकॅनिकची वाट बघत बसावं लागणार नाही.