रहस्यकथा पोरांच्या हातात पडू द्या

"मुलं वाचतच नाहीत हो मॅडम," हे पालकसभेत हमखास ऐकू येतं. मी धाराशिव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते आणि माझं मत पक्कं आहे: वाचत नाहीत, कारण आपण त्यांना बोधकथा देतो. खोटं बोलणाऱ्याची शेवटी फजिती होणार, हे चौथीच्या पोराला पहिल्या ओळीतच कळतं. मग पुढं वाचायचं कशाला? रहस्यकथा द्या. जोडाक्षरापाशी अडखळणारं पोरगंसुद्धा चोर कोण हे कळेपर्यंत पुस्तक खाली ठेवत नाही.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही चालतो तो यामुळंच. बनेश मूळचा फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात आलेला, अंगानं काडी, बुडाखाली सायकल. आमच्या पोरांना तो परका वाटत नाही. सत्यजित राय यांचा फेलूदा तर मूर्तिचोरांच्या मागावर थेट आपल्या वेरूळला येतो. कोलकात्याचा गुप्तहेर कैलास लेण्यात शिरतो म्हटल्यावर, सहलीत वेरूळ पाहिलेली पोरं कान टवकारून बसतात. "मॅडम, आपण तिथंच डबे खाल्ले की!"

पण मला जास्त बोलायचंय ते लिहिण्याबद्दल. निबंधात 'माझा आवडता ऋतू' लिहिताना सगळ्या वर्गाचा पाऊस सारखाच पडतो. रहस्यकथा लिहायला घेतली की मूल आपल्या गावाकडं बघायला लागतं. सातवीतल्या एका मुलानं विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेल्याची गोष्ट लिहिली. आमच्याकडं हे नेहमीचंच. त्याच्या गोष्टीत चोर रात्री दहाला येतो, केबल तोडतो, पळतो. शेतातल्या मोटारींना लागणारी थ्री फेज लाईट आमच्याकडं पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. गोष्ट वाचून झाली तशी मागच्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. "मॅडम, ह्या आठवड्यात थ्री फेजची पाळी रातची हाय. दहाला लाईट हुती. चालू लाइनीची वायर तोडली तर चोरच चिकटंल की!"

वर्ग हसला, पण मुलगा विचारात पडला. दुसऱ्या दिवशी त्यानं गोष्ट बदलून आणली: चोराला लाइटीचं वेळापत्रक माहीत होतं, म्हणजे चोर बाहेरचा नव्हता, त्याच शिवारातला होता. एका शंकेतून त्याला पुरावा सापडला, संशयित सापडला आणि कथानकही सापडलं. कार्यकारणभाव शिकवायला याहून चांगला तास मला ठाऊक नाही.

माझी पद्धत साधी आहे. आधी उत्तर ठरवायचं: कुणी केलं, का केलं. मग मागं मागं येत खुणा पेरायच्या. एक अट मी कडक पाळते. गुप्तहेराला दिसलेली प्रत्येक खूण वाचकालाही दिसली पाहिजे. शेवटच्या पानावर अचानक नवा माणूस आणून त्याला चोर ठरवलं, की वही परत.

आणि जागा? मराठवाड्यात जागांना काय तोटा! देवगिरी किल्ल्यातली अंधारी, म्हणजे तो काळोखा भुयारी रस्ता घ्या. नळदुर्गचा पाणीमहाल घ्या. इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात खोल्या बांधल्या. पावसाळ्यात वरून धबधबा कोसळतो आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, मग आत अडकलेल्यानं बाहेर निरोप कसा द्यायचा? एवढा एक प्रश्न फळ्यावर लिहिला, तर तास संपल्याची घंटा कुणाला नको असते.

"चोऱ्यामाऱ्या वाचून पोरं बिघडतील," असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. ही पोरं ऐकीव गोष्टीवर चटकन विश्वास ठेवत नाहीत. "तू सोता बघितलं का?" असं एकमेकांना विचारतात. व्हॉट्सॲपवर आलेलं सगळं खरं मानणाऱ्या मोठ्या माणसांपेक्षा मला ती फार शहाणी वाटतात.

दोन विनंत्या. मराठवाड्यातल्या लेखकांनो, आमच्या पोरांसाठी इथल्या भाषेत, इथल्या शिवारात घडणारी रहस्यकथा लिहा. 'सोताचं' 'स्वतःचं' करू नका. आणि ज्यांच्या घरी मुलं मोठी झाल्यामुळं अशी पुस्तकं माळ्यावर पडून आहेत, त्यांनी ती गावातल्या शाळेत नेऊन द्या. देताना गुरुजींना एवढंच सांगा, की कपाटाला कुलूप लावू नका. फाटली तर फाटू द्या.